सहाव्या पानावरचा पाय

“पाय... जरा पाय बाजूला घेता का? फोटोत येतोय.”

आवाज खालून आला. मी दचकून बघितलं, तर एक चांगला धडधाकट माणूस थोरल्या शाळेच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, हात धुवायच्या नळांवर कॅमेरा रोखून होता. नळांवर! ओळीनं सहा नळ, खाली सिमेंटचं लांबट टाकं, त्यातला तिसरा नळ टप... टप... गळतोय. शनिवारची दुपार, शाळा सुटलेली, आसपास चिटपाखरू नाही. आणि हा नळांचे फोटो काढतोय.

मी पाय काढला नाही. उलट विचारलं, “कोण तुम्ही?”

“तुम्ही कोण?” त्यानं कॅमेऱ्यातूनच विचारलं.

आली का पंचाईत! कारण मीही तिथे कुणाला न सांगताच घुसले होते, जिन्याच्या पायऱ्या मोजायला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

“मी... पाणी प्यायला आले.”

“हे हात धुवायचं पाणी आहे. प्यायचं तिकडे.” कॅमेरा खाली आला, डोळे दिसले. डोळे चांगले होते. त्यामुळे मला जास्तच संशय आला. “आणि तहानलेली माणसं पायऱ्या मोठ्यानं मोजत येत नाहीत. बावीस ना?”

“तेवीस,” मी म्हटलं आणि जीभ चावली.

“उंबरठा धरलात?”

“मुलं धरतात.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पर्स छातीशी धरली आणि तिथून जी निघाले ती फाटकाबाहेर येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं. तो अजून गुडघ्यांवरच होता.

मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. दूधवाल्यावर संशय, हवामानाच्या अंदाजावर संशय, फुकट मिळालेल्या कोथिंबिरीवर तर पक्का संशय. माझी वहिनी म्हणते, “वन्सं, तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याचं ओळखपत्र मागाल.” मागेन. पण हा संशय नुसता स्वभावाचा नव्हता, त्याला कारण होतं.

आमची धाकटी शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून मुलं दोन गल्ल्या पलीकडच्या थोरल्या शाळेत जातात. बाकीची पोरं उड्या मारत जातात, माझी जात नाहीत. माझी म्हणजे, ज्यांना वाचताना अक्षरं हलल्यासारखी वाटतात, ज्यांना गर्दीचा आवाज सहन होत नाही, ज्यांची रोजची खुर्ची बदलली की अख्खा दिवस नासतो, अशी. त्यांना एका शाळेतून उचलून दुसऱ्या शाळेत नीट रुजवायचं, हे माझं काम.

मागच्या वर्षी माझा एक मुलगा थोरलीत गेला आणि एकोणिसाव्या दिवशी परत आला. सोबत तीन पानी अहवाल आणि सात फोटो. जिन्याचा फोटो, व्हरांड्याचा फोटो, नळांचा फोटो. खाली लिहिलेलं: ‘इमारत अशा मुलास सोयीची नाही. मुलाच्या हितासाठी परत पाठवत आहोत.’ तो मुलगा आता घरी बसतो. रस्त्यात मला बघितलं की मान फिरवतो. माझ्या काळजात तेव्हापासून जे रुतलंय ते अजून निघालेलं नाही.

आता सांगा, नळांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा संशय येणार नाही तर काय त्याची आरती ओवाळायची?

सोमवारी तोच माणूस आमच्या शाळेत हजर. मोठ्या बाईंनी ओळख करून दिली, “हे थोरल्या शाळेतून आलेत. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या मुलांचं यंदापासून हे बघणार.”

“पाणी मिळालं का त्या दिवशी?” त्यानं अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं.

मी त्याच्या पँटकडे बघत होते. दोन्ही गुडघे मळलेले. शिक्षकाची बोटं खडूनं पांढरी होतात, कोपर झिजतात, मान्य. पण गुडघे? कसला शिक्षक हा?

यंदा माझ्याकडची एकच मुलगी जायची होती. तिला आम्ही सगळे मुकादम म्हणतो. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, दिवसाला मोजून पाच-सहा शब्द. त्यातले दोन ठरलेले: ‘बरोबर’ आणि ‘चूक’. सकाळी आली की ती वर्गातून एक फेरी मारते. खुर्ची ओळीबाहेर असली तर “चूक” म्हणून ढकलते, दप्तर उलटं टांगलं असेल तर “चूक”. एकदा शिक्षणाधिकारी आले होते, त्यांची टाय वाकडी होती. सगळ्यांसमोर “चूक!” त्यांनी बिचाऱ्यांनी सरळ केली.

तो मुकादमसमोर खुर्ची ओढून बसला. ती बघत राहिली.

“चूक.”

माणूस उठला, खुर्ची फरशीच्या रेघेला लावली, पुन्हा बसला. “आता?”

“बरोबर.”

माझ्या पोटात दुखलं. मला पहिलं ‘बरोबर’ मिळवायला सहा महिने लागले होते! आणि हा आला, बसला, जिंकला. असली माणसं फार धोकादायक.

मग त्यानं ओळखपत्रकाचा कोरा कागद काढला. थोरलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं असं पत्रक आम्ही भरून देतो: मला काय आवडतं, मला कशाचा त्रास होतो, त्रास झाला तर काय करावं.

“हिला कशाचा त्रास होतो?” त्यानं पेन माझ्यापुढे धरलं.

उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. घंटेचा. अचानक वाजलेल्या घंटेचा. आमच्याकडे पितळी घंटा आहे आणि शिपाईमामा ती वाजवण्याआधी वर्गाच्या दारात येऊन मुकादमला दाखवतात. ती मान हलवते, मग वाजते. घंटेला तिची परवानगी लागते म्हणा ना! पण न सांगता वाजली, तर ती कानांवर हात ठेवून धावत सुटते आणि मग समोर रस्ता आहे की विहीर हे बघत नाही. थोरलीत तर विजेची बेल, प्रत्येक व्हरांड्यात डोक्यावर.

हे लिहिलं की झालंच. ‘इमारत सोयीची नाही.’ तीन पानं, सात फोटो.

मी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘विशेष काही नाही.’

त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं. “नक्की?”

“मी आठ वर्षं हे काम करतेय, सर.”

मग तो रोजच यायला लागला. साडेअकराला यायचा, मुकादमशेजारी बसायचा, ती काय करते ते वहीत टिपायचा. आणि बाराला पाच कमी असताना माझी धडधड सुरू व्हायची, कारण बाराला मामा घंटा दाखवायला येणार.

“सर, तुम्हाला उशीर होत असेल.”

“नाही, मला—”

“होत असेल. या आता.”

चार दिवस घालवल्यावर पाचव्या दिवशी तो दारात थांबला. “बाई, एक विचारू? मी बाराला पाच कमी असतानाच नकोसा होतो, की दिवसभरच?”

“दिवसभरच. पण बाराला पाच कमी असताना जास्त.”

हसला. गालात खळी पडते त्याच्या, डाव्या. हे मी मुद्दाम बघितलं नव्हतं, दिसलं.

एकदा शाळा सुटायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. माझी छत्री घरी, त्याच्याकडे एक. थोरलीच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर गेलो. बोललो काहीच नाही, नुसता पत्र्यांवर पाऊस वाजत होता. कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं, माझी ओढणीसुद्धा कोरडी होती आणि त्याचा अख्खा डावा खांदा भिजून चिंब.

“तुम्ही भिजलात,” मी म्हटलं.

“हो का?... नाही, ते असंच.”

घरी आले तेव्हा वहिनी मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर सगळं ओतलं. “आता सांग वहिनी, असंच कुणी भिजतं का? ह्याला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय. मुकादमबद्दल काहीतरी.”

“हो तर. छत्री धरून गुपितं काढतात आजकाल.”

“हसू नकोस. गुडघे अजून मळकेच असतात त्याचे.”

“वन्सं,” वहिनीनं एक दाणा तोंडात टाकला, “तुम्हाला माणसाचे गुडघे माहीत आहेत, खांदा माहीत आहे, खळी कोणत्या गालाला ते माहीत आहे. हा संशय आहे, का दुसरं काही?”

“संशयच आहे!”

“मग असू दे. रोज घरी आलात की सहाच्या ठोक्याला येतो तुम्हाला, म्हणून विचारलं.”

त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव ‘गुडघेवाले’ ठेवलं. काय म्हणतात गुडघेवाले, आले होते का गुडघेवाले... भावानं एकदा विचारलं, “हाडांचे डॉक्टर आहेत का?” तेव्हा मी ताटावरून उठले.

पण खरी ठिणगी पडली ती नंतर. मुकादमची आई शिलाईच्या कारखान्यात काम करते. एका संध्याकाळी मुलीला न्यायला आली आणि मला म्हणाली, “बाई, त्या सरांनी किती छान पुस्तक करून दिलंय हो! थोरल्या शाळेचे फोटो आहेत, चौदा पानं. ही जेवताना समोर ठेवते, अंघोळीला जाताना दाराशी ठेवते. मलासुद्धा हात लावू देत नाही.”

पुस्तक! मला न विचारता, मला न दाखवता, परस्पर आईच्या हातात! मी दुसऱ्या दिवशी त्याला गाठलंच. “फोटो गोळा करताय, वहीत टिपताय, आईला परस्पर भेटताय. चाललंय काय तुमचं?”

“तुम्हाला दाखवायला दोनदा आणलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही मला घालवलंत. बाराला पाच कमी होते.”

हे खरं होतं. म्हणून मी जास्तच रागावले.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भेटीचा दिवस ठरला. शाळा सुरू होण्याआधी मुलांना एकदा नवी शाळा चालून दाखवायची पद्धत आहे. त्याच भेटीवरून थोरलीतले मुख्याध्यापक ठरवणार होते, मुकादमला घ्यायचं की नाही. नाही म्हणाले तर ती पण घरी बसणार, त्या मुलासारखी. तिची आई अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, नवी साडी नेसून, जणू परीक्षा तिचीच.

फाटकाशी मुकादमनं पुस्तक उघडलं. पहिलं पान, फाटक. तिनं फाटकाला हात लावला. “बरोबर.” दुसरं पान, चपलांचं कपाट. बरोबर. तिसरं, जिना. ती मोजत चढली आणि उंबरठ्यावर पाय ठेवून म्हणाली, “तेवीस.” तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “नंतर बदललं मी. आधी बावीस लिहिलं होतं.” मला बरं वाटलं. मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

चौथं पान, सूचनाफलक. पाचवं, निळं दार.

आणि बरोबर आमच्या डोक्यावर बेल वाजली.

मुकादमच्या तोंडातून आवाजही आला नाही. तिनं पुस्तक काखेत दाबलं, कानांवर हात ठेवले आणि पळाली. व्हरांडा, वळण, गायब. तिची आई ओरडली. त्याच वेळी वर्गांतून दोनशे मुलं बाहेर आली आणि आम्हाला पुढचं काही दिसेना.

मी वेड्यासारखी प्रत्येक दारात डोकावत होते. स्वच्छतागृहात बघितलं, प्रयोगशाळेत बघितलं. रस्ता... मागच्या बाजूला रस्ता होता. विशेष काही नाही. विशेष काही नाही! स्वतःच्या हातानं लिहिलं होतं मी.

तो धापा टाकत आला. “फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, ती आली होती. फाटकाला हात लावला आणि परत आत गेली.”

“पहिलं पान,” मी म्हटलं.

“तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय!”

आम्ही पळालो. चपलांचं कपाट, जिना, फलक, निळं दार... आणि वळणावर, सहा नळांच्या समोर, मुकादम उभी होती. कानांवर हात तसेच. पुस्तक उघडून टाक्याच्या कडेवर ठेवलेलं. ती पुस्तकात बघायची, मग फरशीकडे, परत पुस्तकात.

“चूक,” ती म्हणाली. आवाज रडवेला होता. “चूक. चूक.”

मी हळूच वाकून पुस्तकात बघितलं. सहावं पान. मुलाच्या उंचीवरून दिसणारे सहा नळ, तिसऱ्याला लोंबणारा थेंब. एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचे नारिंगी आकडे, तारीख आणि वेळ: एक बारा. आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाय. माझा पाय. निळ्या पट्ट्याची चप्पल, तुटलेल्या पट्ट्याला लावलेली सेफ्टी पिन, सगळं स्वच्छ दिसत होतं.

पुस्तकात पाय होता, फरशीवर नव्हता. म्हणून ती पुढे जात नव्हती.

नशीब, चप्पल तीच होती. मी टाक्याच्या डाव्या बाजूला गेले आणि फोटोतल्यासारखा पाय ठेवला. मुकादमनं निरखून बघितलं, खाली बसली, माझा अंगठा जरासा उजवीकडे सरकवला.

“बरोबर.”

तिचे हात कानांवरून खाली आले. तिनं पान उलटलं आणि सातव्या पानाकडे, वर्गाकडे, चालू लागली. आई तिच्या मागे पळाली.

नळ टपटपत होता. तो कानापर्यंत लाल झाला होता. मला वाटलं, धावल्यामुळे.

“घंटेचा त्रास होतो हे तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. “म्हणून बाराला पाच कमी.”

मी मान हलवली.

“एक ओळ लिहिली असतीत, तर मी आज बेल बंद ठेवली असती.”

“आणि एक ओळ लिहिली असती, तर तुम्ही तिला परत पाठवलं असतंत! मागच्या वर्षीसारखं. फोटो लावून.”

“तो अहवाल मी वाचलाय. इथे रुजू झालो तेव्हा पहिला तोच वाचला. त्यातले फोटो उभ्या, मोठ्या माणसानं काढलेले होते. मला शाळा ओळखीची वाटली. त्या मुलाला अशी कधी दिसलीच नसणार. म्हणून मी सगळी शाळा गुडघ्यांवर फिरलो.”

गुडघे. अगंबाई... गुडघे!

मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं माझं,” मी म्हटलं. “तुमच्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून नाही. ती धावली म्हणून.”

“हो,” तो म्हणाला. “ती धावली.” त्यानं रुमाल पुढे केला नाही की धीर दिला नाही. पण तो तिथून गेलाही नाही.

त्याच संध्याकाळी मी पत्रक नव्यानं लिहिलं. घंटा, मामांची पद्धत, धावणं, रस्ता, ओळीबाहेरच्या खुर्च्या, सगळं. चार पानं झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिली. “हे वाचून तुम्ही तिला नाही म्हणू शकता.”

“हो,” तो म्हणाला. “म्हणू शकतो.”

आणि नऊ दिवस काही कळलं नाही. नऊ! मी दारावरच्या प्रत्येक टकटकीला उठत होते. वहिनीनंसुद्धा चिडवणं बंद केलं, यावरून समजा. दहाव्या दिवशी थोरलीचा लिफाफा आला. मुकादमला प्रवेश मिळाला होता. सोबत व्यवस्थेची यादी, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. ‘पहिला महिना विद्यार्थिनीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातली बेल बंद राहील. सकाळची पहिली बेल कार्यालयात विद्यार्थिनीच्या संमतीने देण्यात येईल.’ हे वाचून मी वहिनीच्या गळ्यातच पडले. ती म्हणाली, “थांबा, खाली अजून एक ओळ आहे.”

‘पान सहा: पायाची व्यवस्था करावी. जबाबदारी: धाकटी शाळा.’

“मुख्याध्यापकांनी यावर सही केली?” मी विचारलं.

“तुमच्या पायाला सरकारी मान्यता मिळाली हो,” वहिनी म्हणाली आणि हसता हसता खाली बसली.

तर अशी मी सुट्टीनंतर रोज सकाळी सात वाजता थोरल्या शाळेच्या नळांपाशी उभी राहायला लागले. मुकादम यायची, पुस्तक बघायची, पाय बघायची, “बरोबर” म्हणायची, पुढे जायची. मग मी माझ्या शाळेत पळायची. ती येईपर्यंत दहा मिनिटं असायची. तोही असायचा.

“पट्ट्याची पिन काढू नका हं,” तो म्हणायचा. “फोटोत आहे.”

“माझी नवी चप्पल घ्यायची राहिलीय तुमच्यापायी.”

“मी घेऊन देईन. पंधरा दिवसांनी.”

“तुम्ही का देणार?”

“...शाळेतर्फे.”

“दुसरा फोटो नव्हता का हो तुमच्याकडे? पाय नसलेला?”

“नव्हता,” तो नळाकडे बघत म्हणायचा. “तुम्ही पाय काढलाच नाहीत ना.” आणि तिसऱ्या नळाची तोटी उगाच घट्ट करायचा. तो नळ काही त्याचं ऐकत नसे.

बदल एकदम करायचा नसतो, हे आमच्या कामात पहिलं शिकवतात. आधार हळूहळू काढायचा. म्हणून पहिला आठवडा पाय. दुसरा आठवडा नुसती चप्पल, मी खांबाआड. मुकादमनं पहिल्या दिवशी चपलेकडे बराच वेळ बघितलं, तिच्यात बोट घालून बघितलं, मग चालवून घेतलं. आणि तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी त्यानं सहाव्या पानावर नवा फोटो चिकटवला. नळ सहा, पाय नाही.

मी खांबाआडून बघत होते. मुकादम आली, पुस्तक उघडलं, नवा फोटो बोटानं घासून बघितला. फरशीकडे बघितलं. मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली.

“बरोबर,” ती म्हणाली. आणि गेली.

मी खांबाला टेकून रडले. आनंदानंच. पण त्यात थोडं दुसरंही होतं, खोटं कशाला बोलू? आता माझ्या पायाचं इथे काही काम उरलं नव्हतं. उद्यापासून सात वाजता मी माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसणार होते.

“झालं,” मी डोळे पुसत म्हटलं. “येते मी, सर.”

“हो... म्हणजे...” तो म्हणाला. हातात जास्तीची एक प्रत होती, तीच उलटसुलट करत होता. त्यानं ती माझ्यापुढे धरली. “आठवण म्हणून ठेवा. नवं सहावं पान.”

मी बघितलं. सहा नळ. तिसऱ्याला थेंब. कोपऱ्यात नारिंगी आकडे.

तारीख तीच, त्या शनिवारची. वेळ: एक दहा.

मी पुन्हा वाचलं. पायाचा फोटो एक बाराचा होता. हा त्याच्या दोन मिनिटं आधीचा.

“म्हणजे,” मी सावकाश म्हटलं, “मी येण्याआधीच नळांचा फोटो निघाला होता.”

तो पुन्हा कानापर्यंत लाल. आणि आज तर तो धावलाही नव्हता.

“काम झालं होतं तुमचं! मग ‘पाय बाजूला घेता का’ कशाला?”

“तुम्ही पायऱ्या मोजत आलात,” तो म्हणाला. “शनिवारी, दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना. उंबरठा धरून. मला वाटलं, ह्या बाईंशी बोलायला पाहिजे... आणि दुसरं काही सुचलंच नाही. पुस्तक करताना दोन्ही फोटो समोर होते, तुमच्या पायाचाच लावावासा वाटला. मला वाटलं, कोपऱ्यातला पाय कुणाच्या लक्षात येतोय? मुकादमच्या हातात पुस्तक देताना असं वाटायला नको होतं. चुकलं. त्या दिवशी ती तुमच्यामुळे धावली, पण माझ्यामुळे अडकली.”

माझा संशय पहिल्या दिवसापासून बरोबर होता. फक्त गुन्हा वेगळा निघाला.

“आणि हे आज सांगताय?”

“तुम्ही एक दहा वाचाल अशी आशा होती. तुम्ही सगळं वाचता.” तो जरा पुढे आला. “तिचं झालं, बाई. तिला पाय लागत नाही आता. पण मला... मला सवय झालीय. माझा आधार असा एकदम काढू नका.”

माझ्या छातीत काय चाललं होतं ते त्या गळक्या नळालाही ऐकू गेलं असेल. पण स्वभाव कुठे जातो? मी पर्समधून ओळखपत्रकाचा कोरा कागद काढला, असतोच माझ्याकडे. “कशाचा त्रास होतो?”

“विशेष काही—”

“खरं लिहायचं. खोटं लिहिलं की काय होतं ते बघितलंय आपण.”

त्यानं पेन घेतलं. भिंतीला कागद लावून लिहिलं आणि मला दिलं. ‘सकाळी सात वाजता इथे कुणी नसलं, की होतो.’ खालचा रकाना, त्रास झाला तर काय करावं, त्यानं रिकामा ठेवला होता.

मी तो भरला. ‘रोज येईन.’

त्यानं वाचलं, मग माझी बोटं हातात घेतली, पेनसकट. आम्ही तसेच उभे होतो, आणि समोर मुकादम.

कधी आली कोण जाणे. तिला पहिल्या बेलची परवानगी द्यायला कार्यालयात जायचं होतं, रस्ता आमच्यासमोरूनच होता. ती आमच्या हातांकडे बघत नव्हती, खाली बघत होती. माझी निळी चप्पल, शेजारी त्याचा बूट.

“चूक,” ती म्हणाली.

आम्ही दोघंही पांढरे पडलो.

मुकादम खाली बसली. दोन्ही हातांनी त्याचा बूट धरला आणि ओढत ओढत माझ्या चपलेला लावून, फरशीच्या रेघेवर, अगदी सरळ ठेवला. मागे सरून डोळे बारीक केले.

“बरोबर,” ती म्हणाली, आणि बेल द्यायला निघून गेली.